सुया ओवायला जाणारी तिसरी

प्रश्न असा आहे: "नाशिकरोडकडच्या एका मिशनच्या मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मी दोन वर्षांपासून तिसरीला शिकवते. यंदा सेवा-उपक्रम माझ्याकडे आलाय. वृद्धाश्रमात फळवाटप, गोदाघाटाची सफाई, जुने कपडे गोळा करणं, नाताळात खाऊवाटप असे बारा महिन्यांचे बारा उपक्रम मी आखून दिले. पण आश्रमात केळी वाटताना जी मुलं इतकी गुणी दिसतात, तीच दुसऱ्या दिवशी बाकावरच्या जागेसाठी एकमेकांच्या झिंज्या ओढतात. सेवेचा वर्गावर काहीच परिणाम का होत नाही? शिवाय निम्म्याहून जास्त मुलं ख्रिस्ती नाहीत. त्यांचे पालक विचारतात, हा धर्माचा तास आहे का?"

मी अशाच एका सिस्टरांच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं सेवा-उपक्रम माझ्याच गळ्यात होता. घर पंचवटीत, नोकरी मिशनच्या शाळेत. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला मी स्वतःच कितीतरी हळदीकुंकवांत उत्तरं दिली आहेत. त्याकडे नंतर येते.

आधी बारापैकी अकरा उपक्रम खोडा. हे रागानं सांगत नाही. माझ्याही पहिल्या वर्षीच्या तक्त्यात बाराच होते, आणि तो तक्ता मी चार रंगांच्या स्केचपेननं रंगवला होता.

आमची पहिली वृद्धाश्रम भेट डिसेंबरात झाली. साठ मुलं, दोन समूहगीतं, एक नाटुकलं आणि पाच डझन केळी. निघताना एका आजींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "बाई, या महिन्यात तुमची चौथी शाळा. केळी खाऊन खाऊन पोट बिघडलंय. आता सव्वीस जानेवारीला परत येतील सगळे. आषाढात मात्र इकडे चिटपाखरू फिरकत नाही." त्या चिडलेल्या नव्हत्या, हसत होत्या. मीच घरी येऊन दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात मुलांना न घेता एकटीच गेले आणि तिथल्या काळजीवाहू ताईंना विचारलं, "तुम्हाला नेमकं काय हवंय?" त्यांनाही पटकन सुचेना. देणारे इतके येतात, पण हे कुणी विचारलेलंच नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "सुया ओवून द्याल का? आज्या गोधड्या शिवतात. मोतीबिंदूमुळे सुईचं नाक दिसत नाही. मी कामात असले की दिवसभर सुई हातात धरून बसून राहतात."

झालं, पुढची अनेक वर्षं आमचा उपक्रम तोच. दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की तिसरीची आठ मुलं, मी आणि एखादी पालक-आई. प्रत्येकानं दहा सुया ओवायच्या, दोऱ्याच्या टोकाला गाठ मारायची आणि जुन्या उशीत टोचून ठेवायच्या. आठ मुलांच्या ऐंशी सुया. पंधरवडा निघायचा. उरलेल्या वेळात मेथी निवडणं, मटार सोलणं, पेपरातलं मोठ्यानं वाचून दाखवणं. एकदा मुसळधार पावसानं जाणं चुकलं, तर सोमवारी आश्रमातून शाळेत फोन आला, "सुया संपल्या." सिस्टरांनी तो निरोप मला स्टाफरूममध्ये येऊन सांगितला. मी आनंदानं सगळ्यांना चहा पाजला.

काम निवडताना दोनच गोष्टी पाहा. समोरच्यानं ते मागितलेलं असावं, आणि आठ वर्षांच्या मुलाला ते मोठ्यांपेक्षा बरं जमणारं असावं. मुलांची नजर तेज असते, बोटं बारीक असतात आणि तीच तीच गोष्ट ऐकायला त्यांना कंटाळा येत नाही. आजींच्या लग्नात बैलगाडी उलटल्याची कथा आमच्या मुलांनी वर्षभरात किमान पंधरा वेळा ऐकली असेल, आणि दर वेळी "मग बैल कुठे गेला?" हा प्रश्न ठरलेला. मोठ्या माणसाला हे जमत नाही. मला तरी नाही जमलं.

आठच मुलं का? कारण साठ मुलं गेली की तो कार्यक्रम होतो. आठ गेली की कुणाच्या तरी खाटेवर बसावं लागतं, नाव विचारावं लागतं. पालकांचं लेखी संमतिपत्र, जाण्यायेण्याची ठरलेली गाडी, प्रथमोपचाराची पेटी आणि आठ मुलांमागे दोन मोठी माणसं. यात तडजोड नको. सुया मोजून द्यायच्या, मोजून घ्यायच्या.

आता झिंज्यांबद्दल. आश्रमातलं वर्गात का येत नाही, असं तुम्ही विचारता. मी आधी बघेन की वर्गातलं काय आश्रमात जातंय. कारण मुलांच्या डोक्यात सेवा ही "बाहेरच्या गरिबांसाठी" असते, आणि बाकावरची शेजारीण गरीब नाही, बाहेरचीही नाही.

यात माझी एक चूक सांगते. वर्ग झाडायचं, पाण्याचा पिंप भरायचं, फळा पुसायचं, खिचडीच्या वेळी ताटं मांडायचं काम मी मुलांवर सोपवलं होतं. "तुमचं तुम्ही ठरवा," असं मोठ्या कौतुकानं सांगितलं. लोकशाही! महिन्याभरानं ध्यानात आलं की केरसुणी कायम त्याच तीन मुलांच्या हातात असते, आणि पिंपाजवळ ती तिघं कधीच नसतात. कुणी कुणाला काही बोललं नव्हतं, भांडण नव्हतं, तक्रार नव्हती. आठ वर्षांच्या मुलांनी घरून आणलेलं मुकाट्यानं वाटून घेतलं होतं. मी राहते ते काळाराम मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर. २ मार्च १९३० ला तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, पुढे सुमारे पाच वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. हे मी दर वर्षी २ मार्चच्या परिपाठात दिनविशेष म्हणून वाचून घेत होते. आणि माझ्याच वर्गात पिंपाचं दार बंद होतं.

त्या दिवसापासून "तुमचं तुम्ही ठरवा" बंद. पुठ्ठ्याची दोन चाकं केली. आतल्या चाकावर कामं, बाहेरच्यावर हजेरी क्रमांक, मधोमध टाचणी. सोमवारी सकाळी चाक एक घर सरकतं. बाहेरच्या चाकावर शेवटचा क्रमांक माझा. माझी पाळी केरसुणीवर आली त्या आठवड्यात मुलं दारात उभी राहून बघत होती, आणि एकानं सांगितलं, "बाई, कोपरा राहिला." एका मुलाच्या आजोबांनी येऊन सांगितलं, "आमचा नातू झाडू मारायला शाळेत येत नाही." वाद घातला नाही. चाक दाखवलं, माझा क्रमांक दाखवला, चहा दिला. ते परत आले नाहीत, नातू झाडत राहिला. शौचालयाची सफाई मात्र चाकावर कधीच नव्हती. ते पगारी माणसाचं काम आहे आणि त्याला हातमोजे, बूट आणि वेळेवर पगार लागतो. मुलांनी एवढंच करायचं, वापरून झालं की पाणी ओतायचं. आणि मावशींना "ए मावशी" म्हणायचं नाही, त्यांचं नाव घेऊन "अमुक मावशी" म्हणायचं. तुमच्या वर्गाला शाळेतल्या मावशींचं नाव माहीत आहे का, उद्या विचारून पाहा.

याच्याच पोटात आणखी एक. सेवा ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. "गृहपाठ केला नाहीस ना, मग आज तू वर्ग झाड." असं एकदा जरी तुमच्या तोंडून गेलं, तरी केरसुणी ही नापासांची वस्तू होते आणि चाक कितीही फिरवा, ती परत कामाची वस्तू होत नाही.

झिंज्यांवर मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मात्र वाचनाचा. शनिवारी परिपाठानंतर वीस मिनिटं तिसरी पहिलीच्या वर्गात जायची. एकाला एक जोडी, वर्षभर तीच. तिसरीतल्यानं पहिलीचं पुस्तक वाचून दाखवायचं, मग पहिलीतल्यानं बोट ठेवून. माझ्या वर्गात एक मुलगा होता, जोडाक्षर आलं की अडायचा आणि अडला की शेजाऱ्याला चिमटा काढायचा. तिसरीचं पुस्तक त्याला झेपत नव्हतं, पहिलीचं उघडायला लाज वाटायची. आता पहिलीचं पुस्तक उघडायला त्याच्याकडे कारण होतं, तो "शिकवायला" जात होता. गुरुवारी घरी सराव करून यायचा, हे त्याच्या आईनं सांगितलं. दिवाळीपर्यंत चिमटे थांबले असं म्हणणार नाही, कमी झाले. वाचन मात्र सुटलं.

आता मूठभर धान्याकडे येते, कारण तुमच्या यादीत ते असणारच. दर शुक्रवारी प्रत्येकानं घरून एक मूठ धान्य आणायचं, ही रीत बऱ्याच शाळांत आहे आणि चांगली आहे. पण "तांदूळ आणा" म्हटलं की इंद्रायणी, कोलम, बासमतीचा तुकडा आणि रेशनचा तांदूळ एकाच डब्यात पडतो. एक शिजून लगदा होतो तेव्हा दुसरा कच्चा असतो. आश्रमातल्या स्वयंपाकीणबाईंनी आमचा पहिला डबा कोंबड्यांना घातला होता, हे मला वर्षभरानं कळलं. म्हणून महिनाभर एकच वस्तू ठेवा: एक महिना तूरडाळ, एक महिना मूग, एक महिना शेंगदाणे. त्यावर गणिताचा तास छान होतो. मुलाच्या मुठीत साधारण पंचवीस-तीस ग्रॅम डाळ मावते. चाळीस मुलांची मिळून किलोच्या आसपास. आधी अंदाज लिहायचा, मग तराजू. पहिल्या वेळी कुणी दहा किलो लिहितं, कुणी शंभर. मग प्रश्न निघतो, एका जेवणाला किती डाळ लागते आणि आपली किती माणसांना पुरेल? उत्तर ऐकून वर्ग शांत होतो. आपली महिन्याभराची डाळ त्यांना दोन-तीन दिवसांत संपते, हे कळणं मला शंभर किलो गोळा करण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

पैसे मात्र गोळा करू नका. आमच्याकडे राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात वर्गात एक डबा असायचा. चिंचगोळ्या, वेफर खायचे नाहीत, वाचलेला रुपया डब्यात. भावना चांगलीच होती. शेवटी डबा उघडला तर नाण्यांत सात शर्टाची बटणं निघाली. वर्ग हसला. एक मुलगा हसला नाही. त्याच्याकडे खाऊला पैसेच नसायचे, पण डब्यात काही पडल्याचा आवाज व्हावा म्हणून तो बटणं टाकत होता. सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. पुढच्या वर्षीपासून उपवासकाळातही पैशाचा डबा नाही. त्याऐवजी बिनपैशाची कामं चिठ्ठ्यांवर: पहिलीच्या एका मुलाचे दप्तराचे बंद दुरुस्त करून दे, घरी एक बादली पाणी भर, आजारी मुलाचा गृहपाठ त्याच्या घरी पोचव. चिठ्ठी कुणाला कुठली मिळाली ते कुणाला सांगायचं नाही. तिसरीतल्या मुलांना गुपित फार आवडतं. सेवेपेक्षा गुपितासाठीच ती जास्त राबायची, आणि माझी त्याला काही हरकत नव्हती.

गोदाघाटाची सफाई लहान मुलांच्या यादीतून काढून टाका. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की रामकुंडावर पातळी बघता बघता चढते. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की शहरभर बातमी होते, ते काय उगाच? एरवीही घाटावर काचा, सुया, काय काय असतं. त्याऐवजी गणपतीत निर्माल्य शाळेतच आणायला सांगा. मुलं घरचं निर्माल्य पिशवीतून आणतात. मग व्हरांड्यात बसून फुलं, दुर्वा, पानं एकीकडे आणि दोरा, टाचण्या, जरीचे तुकडे, थर्माकोल दुसरीकडे. पहिल्या ढिगाचा खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर थर. खत व्हायला दोन-तीन महिने लागतात, म्हणजे नाताळच्या सुमारास वाफ्यात मेथी पेरता येते. मिशनच्या शाळेत गणपतीचं निर्माल्य कसं चालतं, असं एका पालकांनी विचारलं होतं. सिस्टरांनी स्वतः पदर खोचून झेंडूचे हार उसवले तेव्हा त्यांना उत्तर मिळालं असावं.

आणि हो, २०२७ च्या सिंहस्थात "मुलांकडून भाविकांना पाणीवाटप" अशी कल्पना कुणीतरी नक्की मांडेल. नम्रपणे नाही म्हणा. २७ ऑगस्ट २००३ ला पंचवटीत झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. तो दिवस आम्ही गल्लीतून पाहिला आहे. आठ वर्षांच्या मुलाचं तिथे काही काम नाही.

आता धर्माचा प्रश्न. पालकांचं विचारणं रास्त आहे, त्यावर रागावू नका. राज्यघटनेचं कलम २८(३) सांगतं की शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षण किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. म्हणून जूनच्या पहिल्याच पालकसभेत स्पष्ट सांगा: परिपाठात राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका हे सगळ्यांचं. प्रार्थना किंवा बायबलचा तास कुणाला नको असेल तर लिहून द्या. आणि ज्यांनी "नको" लिहिलं त्यांना वर्गाबाहेर उभं करू नका, ती शिक्षा दिसते. आमच्याकडे अशी मुलं वाचनालयात बसायची. काही दिवसांनी बाकीचीही तिथे जायला मागायची, कारण तिथे चित्रांची पुस्तकं होती! सेवेच्या शनिवारी मात्र प्रार्थना नाही, प्रवचन नाही, आश्रमात कुणाच्या गळ्यात काही घालणं नाही.

पण सिस्टर हे कशासाठी करतात, ते लपवूही नका. मुलं विचारतातच. एकीनं थेट विचारलं होतं, "सिस्टर, तुम्हाला याचे पैसे मिळतात का?" त्यांनी वाटेत जखमी पडलेल्या माणसाची आणि परक्या जातीच्या शोमरोनी माणसाची येशूनं सांगितलेली गोष्ट सांगितली. त्यावर माझ्या वर्गातल्या एकीनं २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, बाबा आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तन करायचे ते सांगितलं. तिसऱ्यानं ईदच्या नमाजाआधी घरातून द्यायच्या फित्र्याचं सांगितलं. हे ओघात आलं म्हणून चाललं. चार मुलांना चार टोप्या घालून व्यासपीठावर उभं करण्याचा प्रकार मला कधीच सोसला नाही.

नाशिकच्याच शरणपूर रोडची एक गोष्टही मी सांगायचे, कारण मदत घेणारा माणूस मुलांच्या डोक्यात कायमचा "बिचारा" होऊन बसतो. मिशनऱ्यांनी १८५४ साली शरणपूरची वस्ती वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं पुढे तिथे आली, लिहायला-वाचायला आणि हाताचे धंदे शिकली. त्यांतला जेकब वेनराइट आफ्रिकेत परतला. आफ्रिकेत फिरणारे मिशनरी संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन तिथे वारले तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत तो होता, पुढे जहाजानं इंग्लंडलाही गेला, आणि १८७४ साली लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबीत दफनाच्या वेळी हजर होता. त्या प्रवासाची त्यानं रोजनिशी लिहिली आहे. "आपल्या नाशिकचा?" असं मुलं दर वर्षी ओरडायची.

परत आल्यावर "तुम्हाला कसं वाटलं?" असं विचारू नका. चाळीस वह्यांत "खूप छान वाटलं" येईल. कुणाचं नाव कळलं, तिनं तुला काय शिकवलं, तिथे कसला वास होता, हे विचारा. तीनच ओळी. आमच्या एका वहीत होतं: "आज आजीने मला सुई दिली नाही. म्हणाली आज माझे डोळे बरे आहेत. मी नुसता बसलो." आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीत "सेवाकार्यात आनंदाने सहभागी होतो" असं चाळीस वेळा उतरवण्यापेक्षा या ओळीवरून त्या मुलाची नोंद लिहा. गुण देऊ नका.

उरला तुमचा वार्षिक आराखडा. व्यवस्थापनाला बारा रकाने भरून हवे असतात, ते मला ठाऊक आहे. मी सिस्टरांना आधी आजींचं केळ्यांचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं, मग बाराही रकान्यांत एकच ओळ लिहिली: "दुसरा व चौथा शनिवार, सुया ओवणे." त्यांनी चष्मा काढून ते दोनदा वाचलं आणि सही केली. फ्लेक्ससाठी फोटो हवा, असा आग्रह झालाच तर मुलांचा नको, आज्यांचा तर नकोच. सुया टोचलेल्या उशीचा काढा.